विमलच्या हाताविषयीची दुरुस्ती, परसबागेसह

लिहून ठेवणार महिपत वल्द रामाजी दुर्गे, वय एकाहत्तर, पूर्वी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिक्षक, हल्ली तेरा वर्षे स्वतःच्या परसबागेत बिनपगारी, राहणार मौजे बोरखेडी, मंडळ जैनथ, जिल्हा आदिलाबाद, आंध्र प्रदेश, असा की:

माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, परंतु मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी काही पाजलेले नाही. शुद्धीचा पुरावा कोणी मागेल तर आज सकाळचाच देतो. परसात कुंड्या एक्केचाळीस आहेत. प्रत्येकीच्या मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घालून पाहिले. जिची माती बोटाला चिकटली तिला पाणी दिले नाही. जिची कोरडी निघाली तिला दिले. अशा सतरा निघाल्या. माझा मुलगा उद्धव, वय बेचाळीस, सगळ्यांना सारखे पाणी ओततो आणि कुंडी मेली की "गरमीनं गेली" म्हणतो. तेव्हा आम्हा दोघांत शुद्धीवर कोण, हे वाचणाऱ्याने ठरवावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले असल्याचे कोणी दाखवील तर ते खोटे आहे, आणि त्यात फरशीला परवानगी असेल तर नक्कीच खोटे आहे.

कलम १. राहते घर, खोल्या चार, वर कवेलूंचे छप्पर, पुढे ओसरी, हे उद्धवला. तो मंडळ कार्यालयात कारकून आहे. दाखला, नकाशा, पहाणीचा उतारा यांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. शिवाय तो याच घरात राहतो, म्हणून त्याला ते सापडायला अडचण येऊ नये.

परंतु "घर" या शब्दात मागचे परस येत नाही. पुन्हा लिहितो: घर या शब्दात परस येत नाही. दोनदा लिहिण्याचे कारण, उद्धव सरकारी कागद वाचतो तसाच हाही वाचील, म्हणजे सही कुठे आहे तेवढेच पाहील.

त्याचा बेत मला ठाऊक आहे. गेल्या दिवाळीला जेवताना म्हणाला, "बाबा, मागं शहाबादी फरशी टाकून टाकू. चिखल नाई, साप नाई, गाडी बी उभी राह्यते." एका मोटरसायकलीला झोपायला चाळीस बाय तीस फूट लागतात हे मला तोवर माहीत नव्हते. माझा बाप रामाजी सालदार होता. एकोणतीस वर्षे त्याने दुसऱ्यांच्या वावरात पाणी वळवले, आणि आपल्या नावावर खाट टाकण्याइतकी जागा केली नाही, कारण होत नव्हती. १९६४ साली ही जागा माझ्या नावे झाली, तेव्हा तो मागे गेला, मूठभर माती उचलली, इकडेतिकडे पाहिले आणि मला हळूच विचारले, "आता इथं कोनी हटकत नाई ना?" मी म्हणालो, नाही. तरीही त्याने माती होती तिथेच परत ठेवली. उद्धवला ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की सुरुवात झाली की तो पंखा मोठा करतो.

कलम २. माझी कन्या जयवंता, राहणार नांदेड, हिला तिच्या आईचे दागिने, पोस्टाचे पुस्तक आणि मोगऱ्याची दुसरी कुंडी. पहिली कुंडी तिने चार वर्षांपूर्वी नेली. तेव्हापासून दर रविवारी फोनवर तेच: "बाबा, याले नुसते पानंच येऊन राह्यले." येणारच. जयवंता मोगऱ्याला मुलासारखे सांभाळते, म्हणून तो मुलासारखाच वागतो. खातो, वाढतो, कामाला येत नाही. जानेवारीत त्याचे पाणी पंधरा दिवस तोडावे. पाने हाताने ओरबाडून काढावीत, फांद्या वीतभर छाटाव्यात. मग मुळाशी दोन ओंजळी जुने शेणखत आणि भरपूर पाणी. सहा तास ऊन लागते. गॅलरीतल्या पडद्यामागे कळी धरत नाही. मार्चात फुलला नाही तर माझ्या फोटोसमोर भांडावे, ऐकून घेईन.

कलम ३. चौथीचे मराठी क्रमिक पुस्तक, पहिली सोळा आणि शेवटची नऊ पाने नसलेले. माझी शाळा निजामाच्या अमलातली, सगळे उर्दूत. हे पुस्तक पैनगंगेपलीकडून आलेल्या एका गुरुजींच्या पिशवीत, भुईमुगाच्या शेंगांखाली होते. त्यातल्या सगळ्या कविता मला चालीसकट पाठ आहेत. तेहतीस वर्षे वर्गात म्हटल्या. नदीवर धुके असले की अजून त्या चाली आपोआप तोंडात येतात, आणि मग पायाखाली काय तुडवले हे कळत नाही. बहुधा मेथी असते.

निवृत्त झाल्यावर मी बाग या पुस्तकाबरहुकूम लावली. पारिजात, बकुळ, केतकी, सोनचाफा. कवितेत पारिजात पहाटे अंगणभर सडा घालतो. काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि भेगाळताना मुळेही तोडते, हे कवितेत कुठे नव्हते. बकुळ सव्वा महिना जगली. सोनचाफ्याने पाने न टाकता उभ्या उभ्या राजीनामा दिला. कवींकडे पाणी घालायला माणूस असणार, असे माझे मत झाले.

माझी पत्नी रेणुकाबाई, १९९० साली गेली, तिचे मत वेगळे होते. न्हाणीच्या पाण्यावर तिने मेथी, कोथिंबीर आणि चार वांगी केली होती. मी बकुळीपाशी उभा राहून कविता म्हणत असता ती कोथिंबीर खुडता खुडता म्हणाली, "तुमच्या कवितेले फोडणी देता येते काय?" तिने सांगितलेले इथे नोंदवतो, कारण मी ते उशिरा ऐकले. कुंडीसाठी नुसती काळी माती घेऊ नये; दोन भाग माती, एक भाग नदीची रेती, एक भाग कुजलेले खत. भोकावर फुटक्या कवेलूचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे पाणी जाते, माती राहते. काठ दोन बोटे रिकामा सोडावा. धने अख्खे पेरू नयेत. चपलेखाली रगडून दोन फाका कराव्यात आणि रात्रभर भिजवाव्यात. पारिजात चौथ्या वर्षी जगला तो याच मातीत.

पुस्तक जो कोणी मागेल त्याला द्यावे. आजवर कोणी मागितलेले नाही.

कलम ४. माणिकराव ठमके, निवृत्त मुख्याध्यापक, माझे पूर्वेकडचे शेजारी, यांना काहीही नाही. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेणे बरे दिसत नाही असे जाणकार सांगतात, आणि मी त्यांना साक्षीदार केले ते त्याचसाठी. मात्र सल्ला देतो, तो फुकट आहे. गुलाबाला ताजे शेण घालू नये; आत उष्णता असते, मुळे भाजतात. सहा महिने कुजून हुंगल्यावर मातीचा वास आला, तरच ते खत. छाटणी दसऱ्यानंतर करावी आणि विळ्याने आडवी करू नये. बाहेरच्या बाजूला पाहणारा डोळा शोधून त्याच्या थोडे वर, तिरके कापावे. चहाची पत्ती घालायची तर धुऊन घालावी. माणिकराव ती दूधसाखरेसकट घालतात, म्हणून त्यांच्या गुलाबाखाली मुंग्यांची बारमाही शाळा भरते. तेवढा पट त्यांच्या नोकरीत कधी भरला नव्हता.

कलम ५. अवजारे: कुदळ एक, झारी एक, कात्री एक, आणि बापाचे खुरपे. ही परसाबरोबर जातील, ज्याचे परस त्याची. काम झाल्यावर धुऊन, पुसून, गोडेतेलाचे बोट फिरवून ठेवावीत. रोगट फांदी कापली तर कात्री उकळत्या पाण्यात बुडवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये.

कलम ६. हे कलम मी दोनदा लिहून फाडले. आता लिहितो ते अंतिम समजावे.

परसाच्या मधोमध निशिगंधाचे साठ गड्डे होते. बाजारात त्याला लिली म्हणतात. मी म्हणत नाही. रेणुका गेल्यावर ते मी नांदेडहून बसमध्ये मांडीवर आणले. तीन पावसाळे फुलले. गल्लीतल्या चार लग्नांचे हार त्यातले. १९९३ च्या श्रावणात काही गड्डे सडू लागले, म्हणून मी औषध आणायला आदिलाबादला गेलो.

मला तेलुगू येत नाही हे इथे कबूल करतो. खात्याची तेलुगूची परीक्षा मी तीन वेळा दिली. शेवटी खात्यानेच माघार घेऊन मला वयाची सूट दिली. दुकानदाराला मी हिंदीत म्हणालो, "गड्डों के लिए दवा चाहिए." त्याने विचारले, "गड्डी मंदा, सारू?" मंदा म्हणजे "मंदु का?", आणि मंदु म्हणजे औषध, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे, कारण दारूलाही तेच म्हणतात. गड्डी म्हणजे गड्डा, हे मी तिथल्या तिथे ठरवले. "हां हां, गड्डी मंदु!" म्हणालो, आणि मराठी व तेलुगू शेजारी राहून कशा एकमेकींच्या बहिणी झाल्या यावर त्याला छोटेसे भाषण दिले. त्याने ते ऐकून घेतले आणि बाटली कागदात बांधून दिली.

घरी ती मी उद्धवच्या बायकोला, विमलला, दिली. तिने बाटली फिरवून पाहिली. "मामाजी, यावर काय लिवलं हाय?"

"औषध आहे. लिहिलेलं वाचून झाडं बरी होतात काय? झारीभर पाण्यात दोन झाकणं. पानं ओली होईपर्यंत मार."

तिने मारले. बाराव्या दिवशी साठच्या साठ गड्डे पिवळे पडून गवताच्या काडीसारखे वाळले. त्या संध्याकाळी मी पारावर, माणिकराव व इतर मंडळींसमोर म्हणालो, "सुनेच्या हाताला गुण नाही."

आमच्याकडे मिरचीच्या वाफ्यात पहिले बी ज्या बाईचा हात चांगला तिच्या हातून टाकतात. विमल लग्न होऊन आली तेव्हापासून तिला तीन घरची बोलावणी असत. मागच्या गल्लीतल्या सोनाबाई वाठोरे तर दर मिरगाला स्वतः न्यायला येत. माझ्या त्या एका वाक्यानंतर कोणी आले नाही. बाया तिच्या हातचे कढीपत्त्याचे रोपही घेईनात.

विमलने रिकामी बाटली टाकली नव्हती. त्या वर्षी माझी नात तेलुगू शाळेत पहिलीला होती. तिच्या पुस्तकातून विमल रोज एक अक्षर शिकली. दिवाळीच्या सुमारास तिने बाटली माझ्यासमोर ठेवली आणि बोट फिरवत वाचली. "ग... ड्डि. गड्डी. मामाजी, गड्डी म्हंजे गवत. हे गवत मारासाठी असते."

मी विचारले, "कोणाला सांगितलंस?"

"मी काऊन सांगू? बोलले तुमी व्हते."

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. मी बोललो नाही. याचे कारण लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला तो इथेच. कारण एवढेच की पारावर मला गुरुजी म्हणतात.

तरी नोंद व्हावी की हात विमलचा वाईट नव्हता, कान माझा वाईट होता. आणि धडा म्हणून: कोणतेही विकतचे औषध आधी एकाच झाडावर मारावे आणि आठ दिवस थांबावे. त्यापेक्षा मूठभर वाळलेल्या निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, फडक्यातून गाळून चिमूटभर साबणाचा चुरा टाकावा आणि ऊन उतरल्यावर फवारावे. निंबोळीला भाषांतर लागत नाही.

हे कलम माझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, जेवणापूर्वी, मोठ्याने वाचावे. जेवणानंतर कोणी थांबत नाही.

कलम ७. परस, पूर्व-पश्चिम चाळीस फूट, दक्षिणोत्तर तीस, याची चतुःसीमा: पूर्वेस माणिकरावांचा गुलाब, हयात असल्यास, पश्चिमेस गल्ली, उत्तरेस नाली, दक्षिणेस उद्धवचे घर. हे संपूर्ण परस, त्यातील माती, झाडे, विहिरीच्या पाण्याचा हिस्सा व गांडुळे यांसह, माझी सून विमल हिला. खोदण्याचा, लावण्याचा व उपटण्याचा पूर्ण हक्क तिचा. उद्धवने आत येताना तिला विचारावे. मोटरसायकल ओसरीवर झोपेल.

हे मी दयेपोटी करत नाही. तिने गेल्या पाच वर्षांत न्हाणीमागच्या चार हात पट्ट्यात काय केले ते कोणीही पाहून यावे. मे महिन्यात रोपांवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची सावली करते. पाणी सूर्य उगवण्याआधी देते आणि बुडाशी देते, पानांवर उडवत नाही. वालावर मावा आला की चुलीची राख चाळून सकाळच्या दवावर भुरभुरते. वांग्याचा किडका शेंडा दिसला की खुडून जाळते, उद्यावर टाकत नाही. आणि औषधाच्या बाटल्या वाचून घ्यायला आता अर्धे गाव तिच्याकडे येते. वाचायला बोलावतात, बी टाकायला नाही.

येथवर लिहून मी कागद खाली ठेवला, तेव्हा विमल चहा घेऊन आली होती आणि माझ्या खांद्यावरून वाचत होती. समोर येईल तो कागद वाचायचा, ही सवय तिला बाटलीने लावली. पुढचे बोलणे जसेच्या तसे लिहितो, कारण त्यामुळे मृत्युपत्र बदलावे लागले.

"मामाजी, हे सहावं कलम तुमी गेल्यावर वाचाचं?"

"हो. सगळा गाव असतो त्या दिवशी."

"त्या दिवशी सारे तुमालेच चांगलं म्हनतीन. म्हनतीन, पाहा बिचारे गुरुजी, जाता जाता सुनेचं नाव राखलं. अन् माह्या हाताचं काय? मिरग आठ दिवसांवर आला. तुमच्या मरासाठी मी अजून किती मिरग थांबू?"

कलम सहाचा कागद मी वेगळा काढला आणि चष्मा पुसला.

साक्षीदार दहा वाजता आले: माणिकराव आणि सोनाबाई. मी ओसरीवर उभा राहिलो आणि कलम सहा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, वर्गात वाचावे तसे मोठ्याने वाचले. भिंतीपलीकडून दोन डोकी वर आली, त्यांनाही ऐकू गेले. उद्धव पंखा मोठा करायला उठला होता, तो तसाच उभा राहिला.

माणिकराव गुडघ्यावर थाप मारून हसले. "महिपतराव, तेहतीस वर्सं पोरायले वाचाले शिकवलं, अन् तुमाले बाटली वाचता नाई आली?"

सोनाबाई हसल्या नाहीत. "पाच वर्सं माह्या वाफ्यात म्या दुसऱ्याच बायाच्या हातून बी टाकलं. तुमी एक डाव बोलले असते त जीभ झडली असती काय, गुरुजी?" मग विमलकडे वळल्या. "सात तारखेले येजो ओ बाई. बी मी भिजवून ठेवतो."

विमलने रिकामे कप ट्रेमध्ये गोळा केले. मग म्हणाली, "वाफा वीतभर उंच करून ठेवजा, पानी साचलं त रोप बुडातून गळते. अन् मले सवड भेटली त येईन. माहा बी मिरग हाय."

कलम ८. वरील कारणास्तव कलम सात मृत्यूची वाट पाहणार नाही. परसाचा ताबा आज रोजी, साक्षीदारांसमक्ष, विमलकडे दिला. मालकीचा कागद तेवढा माझ्या मरणापर्यंत थांबेल, कारण कायद्याला घाई नसते. उद्धवने हरकत घेतली की परसात निदान एक पायवाट तरी फरशीची असावी. विमलने सांगितले की अर्ज द्या, पाहू.

ताबा घेताच तिने परसाची पाहणी करून पहिला हुकूम काढला, तो माझ्यावर. "मामाजी, हे तुमची खुर्ची उचला. सकाळचं चांगलं ऊन हितंच पडते. हितं टमाटे लावाचे हायेत."

मी म्हणालो की या खुर्चीत बसून मी तेरा वर्षे झाडांना कविता म्हणत आलो आहे, आणि झाडांना ते कळते.

"कळू द्या ना. सावलीतून म्हना. आयकू येते."

खुर्ची उचलली आहे. नवी जागा अद्याप मिळालेली नाही, सबब या कलमाचा उर्वरित मजकूर उभ्याने, झारीच्या बुडावर कागद ठेवून लिहिला. अक्षर हलले असल्यास ते वयामुळे समजू नये. विमल मागे उभी आहे आणि खणायला केव्हा सुरुवात करता असे विचारत आहे.

ठिकाण: मौजे बोरखेडी, मंडळ जैनथ, जिल्हा आदिलाबाद
दिनांक: ३० मे १९९९, रविवार

सही: महिपत रामाजी दुर्गे

साक्षीदार:
१. माणिकराव ठमके, निवृत्त मुख्याध्यापक. सही. (शेरा: लिहून देणाऱ्याने माझ्यासमक्ष सही केली. गुलाबाबद्दलचा मजकूर मान्य नाही.)
२. सोनाबाई वाठोरे, शेती. सही. (शेरा: कलम सहा आजच ऐकले. पाच वर्षे उशीर झाला, हे बी लिहून घ्या.)